"नियमात कुठे लिहिलंय, दाखवा!"
लोकशाहीतल्या न लिहिलेल्या नियमांवर वाचकांचे प्रश्न

हे वाक्य सोसायटीच्या सभेत ऐकू येतं, ग्रामसभेत येतं आणि विधानभवनातही येतं. या वेळी निवडलेले सात प्रश्न त्याच्याभोवतीच फिरतात. ज्याला कायद्याचं बंधन नाही, ते पाळायचं कशासाठी? आणि कोणी पाळलं नाही, तर बाकीच्यांनी करायचं काय?

प्रश्न : ब्रिटनकडे लिखित संविधान नाही, म्हणून त्यांना संकेत, म्हणजे न लिहिलेले नियम, लागतात. आपलं संविधान तर जगातल्या सर्वांत मोठ्या संविधानांपैकी आहे. मग आपल्याला अलिखित नियमांची गरज काय? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सदाशिव पेठ)

उत्तर : २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या संविधानात ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं होती. तरीही तुम्ही पाठ केलेलं कलम ७५ पुन्हा एकदा सावकाश वाचा. पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील, असं तिथे आहे. निकाल त्रिशंकू लागला तर आधी कोणाला बोलवायचं आणि बहुमत दाखवायला किती दिवस द्यायचे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. बहुमताची परीक्षा राजभवनात नाही, सभागृहातच व्हायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने ठणकावून सांगितलं. तोवर राज्यपालांच्या अंदाजावर सरकारं गेली होती. 'काळजीवाहू सरकार' हा शब्द संविधानात नाही. शून्य प्रहर, म्हणजे पूर्वसूचनेचे नेहमीचे सोपस्कार न करता तातडीचे विषय मांडायची वेळ, लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत नाही. लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे जातं, तेही केवळ संकेताने. सरकारच्या खर्चाचा हिशेब तपासणारा माणूस सरकारचाच नसावा, एवढं साधं शहाणपण त्यामागे आहे.

एक दिवस जवळून पाहा. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. त्या २७० मध्ये गिरिधर गमांग यांचं मत होतं. ते फेब्रुवारीपासून ओडिशाचे मुख्यमंत्री होते, पण खासदारकीचा राजीनामा त्यांनी दिलेला नव्हता. मुख्यमंत्र्याला विधिमंडळात निवडून यायला सहा महिन्यांची मुदत असते, त्यामुळे ते कायद्याने अजून खासदारच होते. मत द्यावं की नाही, हे लोकसभेच्या अध्यक्षांनी त्यांच्या सदसद्विवेकावर सोपवलं. त्यांनी मत दिलं. ते वैध होतं. उचित होतं का? आमच्या मते नव्हतं. राज्याचा कारभार हाकणाऱ्याने केंद्रातलं सरकार पाडायला येऊ नये, हा संयम पक्ष बघून बदलता कामा नये. आणि त्याच दिवशी दुसरा संकेत मात्र पाळला गेला. एका मताने का होईना, हरलेल्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि निकाल मान्य केला.

परीक्षेसाठी एक कसोटी लक्षात ठेवा. ब्रिटिश घटनातज्ज्ञ आयव्हर जेनिंग्ज यांनी तीन प्रश्न सांगितले होते. असं पूर्वी घडत आलं आहे का? पाळणाऱ्यांना ते आपल्यावर बंधन आहे असं वाटत होतं का? आणि त्यामागे काही कारण आहे का? तिन्हींना 'हो' आलं तर तो संकेत. नुसतं पहिल्याला 'हो' आलं तर ती सवय. सरन्यायाधीशपद सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तींकडे जावं, असं कलम १२४ मध्ये लिहिलेलं नाही. पण एप्रिल १९७३ मध्ये, संविधानाची मूळ चौकट संसदेला बदलता येणार नाही असं सांगणाऱ्या केशवानंद भारती निकालाच्या पाठोपाठ, शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून चौथ्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्या तिघांनी राजीनामे दिले. १९७७ मध्ये न्या. खन्ना डावलले गेले, त्यांनीही पद सोडलं. हे राजीनामे म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मोडल्यावर जिथे कोणाला लागत नाही, तिथे संकेत नव्हताच असं समजा.

म्हणूनच अलीकडची एक गोष्ट आम्हाला जास्त सलते. कलम ९३ म्हणतं की लोकसभेने 'शक्य तितक्या लवकर' अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत. उपाध्यक्षपद विरोधकांना देण्याचा प्रघात बराच काळ चालला. सतराव्या लोकसभेत, २०१९ ते २०२४, पाचही वर्षं उपाध्यक्ष निवडलाच गेला नाही. असं आधी कधी झालं नव्हतं. आणि १९७३ सारखा गदारोळही झाला नाही.

प्रश्न : बाबासाहेब 'संविधानिक नैतिकता' म्हणायचे, ते हेच का? (वाचक, येरवडा)

उत्तर : बरंचसं हेच, पण त्यांचा मुद्दा सहसा अर्धाच सांगितला जातो. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी हा शब्द ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोट या इंग्रज इतिहासकाराकडून घेतला आणि सांगितलं की ही नैसर्गिक भावना नव्हे, ती जोपासावी लागते. हे ते बोलत होते एका आक्षेपाला उत्तर म्हणून. संविधानात प्रशासनाचे इतके बारकावे कशाला घातले, असा तो आक्षेप होता. त्यांचं उत्तर असं की ही नैतिकता अजून समाजात मुरलेली नाही, म्हणून कायदेमंडळाच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं. संकेत जिथे कच्चे, तिथे लेखी तरतूद जास्त हवी, असा हा व्यवहारी हिशेब आहे.

दुसरं भाषण पुण्यातलंच आहे. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे जिल्हा विधी ग्रंथालयाच्या सभासदांसमोर ते लोकशाही यशस्वी व्हायच्या अटींवर बोलले. डोळ्यांत भरणारी विषमता नसावी ही पहिली अट. मग विरोधी पक्षाचं अस्तित्व, कायदा आणि प्रशासनात समान वागणूक, संविधानिक नैतिकता, बहुसंख्याकांची अल्पसंख्याकांवर जुलूमशाही नसणं, समाजात नैतिक व्यवस्था आणि जागी असलेली लोकविवेकबुद्धी. संविधानिक नैतिकता समजावून सांगायला त्यांनी उदाहरण घेतलं जॉर्ज वॉशिंग्टन यांचं. लोक पुन्हा अध्यक्ष व्हा म्हणत असताना ते बाजूला झाले. त्या यादीचा क्रम नीट बघा. विषमता सगळ्यांत आधी आहे. ज्याला शेजारी बरोबरीचा मानत नाही, त्याच्याशी सभेत संयमाने वागण्याचा संकेत रुजणार कुठून?

प्रश्न : आमच्या ८४ फ्लॅटच्या सोसायटीत वार्षिक सभा सहाला असते. साडेसहाला 'तहकूब सभा' सुरू होते, तेरा-चौदा जण असतात. यंदा लिफ्ट बदलण्याचा लाखोंचा ठराव 'आयत्या वेळचा विषय' म्हणून दहा मिनिटांत मंजूर झाला. सचिव म्हणतात, सगळं नियमानुसार आहे. खरं आहे का? (सभासद, सिंहगड रस्ता)

उत्तर : काही अंशी खरं आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. देशाच्या संसदेत काय चालतं ते टीव्हीवर दिसतं. सभा कशी चालवायची, हे मात्र माणूस इथेच शिकतो.

आधी लेखी बाजू. आदर्श उपविधींनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी हवी. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २० यांपैकी कमी असेल तो आकडा लागतो. तुमच्याकडे दोन तृतीयांश म्हणजे ५६ होतात, म्हणून २० पुरतात. अर्ध्या तासात तेही जमले नाहीत, तर नोटिशीत आधीच छापलेल्या वेळी तहकूब सभा होते आणि तिला गणपूर्तीची अट नाही. आजारपण, पाऊस, ऑफिस यांमुळे कामकाज अडू नये म्हणून ही सोय ठेवलेली आहे. तुमच्याकडे ती सोय नेहमीची पद्धत होऊन बसली आहे. सहाची वेळ कोणी मनावर घेतच नाही, कारण खरी सभा साडेसहाला, हे सगळ्यांना ठाऊक झालं आहे.

आयत्या वेळचा विषय मात्र वेगळा. विषयपत्रिकेच्या शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' ही ओळ असते ती किरकोळ गोष्टींसाठी. अभिनंदनाचा ठराव, पाण्याच्या वेळेची सूचना, कोणाची तक्रार. नोटिशीत नसलेला मोठा खर्च तिथून काढणं म्हणजे जे सभासद आले नाहीत त्यांचा न येण्याचा निर्णयच फसवून घेणं. लिफ्टचा विषय आहे हे माहीत असतं, तर त्यांतले निम्मे तरी आले असते. असा ठराव सहकार न्यायालयात आव्हान देण्याजोगा असतो.

पण तिकडे धावण्याआधी दुसरी वाट आहे. एक पंचमांश सभासदांनी, म्हणजे तुमच्याकडे १७ जणांनी, लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. मागणीपत्रात विषय नेमका लिहा. "लिफ्टबाबत चर्चा" असं मोघम नको. "अमुक तारखेच्या सभेत मंजूर झालेल्या लिफ्ट बदलण्याच्या खर्चाचा फेरविचार आणि तीन कोटेशन सभेपुढे ठेवणे" असं लिहा. एक खाचखळगा सांगून ठेवतो. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला गणपूर्ती झाली नाही, तर ती अर्ध्या तासाने पुन्हा भरत नाही, बरखास्त होते. म्हणून सह्या १७ असल्या तरी किमान ३० जणांकडून येण्याचा शब्द घ्या. शब्द दिलेल्यांपैकी बरेच ऐनवेळी गळतात.

आता न लिहिलेली बाजू, जी पुढची दहा वर्षं सोसायटी टिकवेल. पुढच्या वार्षिक सभेत काही गोष्टी सगळ्यांच्या तोंडून मान्य करून घ्या आणि इतिवृत्तात 'सभेची पद्धत' म्हणून नोंदवा. ठराविक रकमेच्या वरचा खर्च आयत्या वेळी घ्यायचा नाही आणि तहकूब सभेत एक तृतीयांशापेक्षा कमी सभासद असतील तर तो पुढच्या सभेवर टाकायचा. रक्कम तुमच्या मासिक जमेच्या अंदाजाने ठरवा. 'मंजूर, मंजूर' असा घोष आला की अध्यक्षांनी थांबून विचारायचं, "विरोधात कोण?" आणि हात मोजून बाजूचे व विरोधातले दोन्ही आकडे लिहायचे. सूचक आणि अनुमोदक यांची नावं लिहायची. एकदा बोललेल्याला दुसऱ्यांदा माइक देण्याआधी जे बोललेले नाहीत त्यांना विचारायचं. विषय अध्यक्षांच्या स्वतःच्या फ्लॅटचा किंवा नातेवाइकाच्या कंत्राटाचा असेल, तर त्यांनी तेवढ्यापुरती खुर्ची सोडायची.

विरोध नोंदवणं हे सगळ्यांत कमी वापरलं जाणारं हत्यार आहे. "माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा" एवढं वाक्य उभं राहून म्हणा. चिडून बाहेर जाऊ नका, कारण बाहेर गेलेल्याचा विरोध कुठे लिहिला जात नाही. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना ते वाचून घ्या. नोंद गाळली असेल तर ती दुरुस्त करण्याची जागा तीच आहे, सहा महिन्यांनी व्हॉट्सॲपवर नाही.

बिघडतं कसं, तेही सांगायला हवं, कारण बहुतेक सोसायट्यांत ते याच क्रमाने घडतं. एखादी सभासद हिशेबावर प्रश्न विचारते. कोणीतरी म्हणतं, "मॅडम, तुम्ही या कमिटीत, करा काम." हशा होतो. पुढच्या वर्षी ती विचारत नाही, त्याच्या पुढच्या वर्षी येत नाही. तिच्यासारखे दहा-बारा जण गळले की गणपूर्ती होत नाही. मग कमिटी मनापासून म्हणते, "लोक येतच नाहीत हो, आम्हीच मरमर मरतो." त्यात खोटं काही नसतं. तो पहिला हशा मात्र सगळे विसरलेले असतात.

प्रश्न : आमच्या गावात ग्रामपंचायत बिनविरोध करण्याची परंपरा आहे. भांडणं टळतात, खर्च वाचतो. आमदार वारल्यावर पोटनिवडणूक बिनविरोध व्हावी असंही म्हणतात. हे चांगले संकेत नाहीत का? (वाचक, भोर तालुका)

उत्तर : भांडणं टळावीत ही इच्छा खरी आहे आणि गावात राहणाऱ्यालाच तिची किंमत कळते. तरी प्रत्येक न लिहिलेला नियम लोकशाहीच्या बाजूचा नसतो. पर्वतीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांनी जायचं नाही, हाही न लिहिलेला नियमच होता. तो मोडायला १९२९ साली पुण्यात सत्याग्रह करावा लागला. म्हणून कोणताही प्रघात पुढे आला की आम्ही एवढंच विचारतो : यात कोण स्वतःला आवर घालतं आहे, बळकट माणूस की दुबळा? बळकटाने हात आखडता घेतला तर तो लोकशाहीचा संकेत. दुबळ्याला गप्प केलं, तर ती जुनी रूढीच नव्या नावाने आली.

या कसोटीवर तुमची बिनविरोध निवडणूक तपासा. नावं कुठे ठरतात? देवळात चार वडीलधाऱ्यांच्या बैठकीत की ग्रामसभेत? अर्ज भरलेल्याने माघार घेतली ती समजुतीने की "गावात राहायचंय ना?" या वाक्याने? राखीव जागेवर निवडून येणारी बाई सभेत बोलते की तिचा नवरा बोलतो? डिसेंबर २०२० मध्ये बिनविरोधच्या नावाखाली नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. लिलावाचा पैसा देवळाला जाणार होता, असं समर्थन केलं गेलं. पैसा कुठे गेला याने फरक पडत नाही. मत देण्याचा हक्क ज्यांचा होता, त्यांना न विचारता तो विकला गेला.

बिनविरोध करायचीच असेल तर निदान खुल्या सभेत करा. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी आहे. तुमच्या या बैठकीला किमान तेवढी माणसं असू द्या, महिलांची बैठक आधी वेगळी घ्या, आणि कोणाला उभं राहायचं असेल तर राहू द्या, असं सरपंचांनीच सगळ्यांसमोर म्हणावं. एकानेही अर्ज ठेवला तर मतदान होईल. होऊ द्या. एका दिवसाच्या मतदानाने गाव दुभंगत असेल, तर ते मतदानाआधीच दुभंगलेलं होतं.

पोटनिवडणुकीबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वला दिवंगत आमदारांच्या पत्नीसाठी भाजपने उमेदवार मागे घेतला. २०२३ मध्ये पुण्यात कसब्याला आणि शेजारी चिंचवडला मात्र लढती झाल्या. दोन्ही प्रकारांत आम्हाला संकेतभंग दिसत नाही. दुःखात सभ्यता पाळावी, प्रचारात गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये, हे बरोबर. पण जागा कुटुंबाची नसते.

प्रश्न : एकदा संकेत मोडला की तो परत बसतो का? की सरळ कायदाच करावा? (निवृत्त शासकीय अधिकारी, औंध)

उत्तर : दोन्ही घडलेलं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन यांच्यापासून अध्यक्षांनी दोनच कार्यकाळ घ्यायचे, हा संकेत १९४० पर्यंत टिकला. रूझवेल्ट तिसऱ्यांदा आणि मग १९४४ मध्ये चौथ्यांदा निवडून आले, आणि १९५१ मध्ये बाविसाव्या दुरुस्तीने दोनची मर्यादा लेखी झाली. ब्रिटनमध्ये अर्थसंकल्प उमरावांच्या सभागृहाने अडवायचा नसतो, असा संकेत होता. १९०९ मध्ये त्यांनी तो अडवला. १९१० मध्ये दोन निवडणुका झाल्या आणि १९११ च्या कायद्याने तो अधिकारच काढून घेतला. मोडणाऱ्याचं नुकसान झालं, म्हणून इतरांना धडा मिळाला. 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो' ही आपली म्हण इथे तंतोतंत लागू आहे. पहिल्या भंगाची किंमत कोणी वसूल केली नाही, तर दुसरा भंग करणारा पहिल्याचा दाखला देतो आणि त्या दाखल्यालाच पुढे पायंडा म्हणतात.

कायदा करून काय होतं, त्याचा आपला अनुभव म्हणजे पक्षांतरबंदी. १९६७ नंतर 'आयाराम गयाराम' इतके वाढले की १९८५ मध्ये दहावं परिशिष्ट आलं. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून सूट होती. मग एकेकटे फुटणं थांबलं आणि घाऊक सुरू झालं. २००३ च्या दुरुस्तीने ती सूट काढली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे, त्याला मुदत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हावा असं म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्रात काय आणि किती काळ चाललं, ते तुम्ही पाहिलंच आहे. गोष्ट कागदावर आली की लोक 'हे करावं का?' असं विचारायचं सोडून 'हे कुठे बसवता येईल?' असं विचारू लागतात. शिवाय तिथे न्याय देणारा अध्यक्ष पक्षापासून अलिप्त राहील, हा संकेत आपल्याकडे रुजलाच नाही. १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डी यांनी पक्षाचा राजीनामा दिला होता. ती वाट पुढे कोणी मळली नाही. ब्रिटनमध्ये अध्यक्ष पक्ष सोडतो आणि मोठे पक्ष त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. त्याला पुन्हा तिकिटासाठी पक्षाच्या दारात उभं राहावं लागत नाही. आपण त्यांचं पद घेतलं, त्यामागची ही सोय घेतली नाही.

आणि लेखी असूनही पाळलं गेलं नाही, याचं उदाहरण पुण्याबाहेर शोधायला नको. महापालिकेची निवडणूक मुदत संपण्याआधी पूर्ण झाली पाहिजे, असं संविधानाचं कलम २४३-यू सांगतं. पुण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिला. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे वाद न्यायालयात होते, हे खरं. पण त्या काळात प्रस्ताव तयार करणारं प्रशासन आणि सर्वसाधारण सभा व स्थायी समितीच्या नावाने तो मंजूर करणारा प्रशासक, एकच होता. निवडणूक वेळेवर घेणं हे आपलं कर्तव्य आहे असं सत्तेतल्यांना आणि विरोधकांना आतून वाटत नसेल, तर कलम नुसतं पाहत राहतं.

तेव्हा आमचं मत असं. एका फटक्यात भरून न येणारं नुकसान होत असेल, किंवा नियम मोडणारा आणि त्यावर निवाडा देणारा एकच असेल, तर लिहा, आणि लिहिताना तारीख किंवा दिवसांचा आकडा घाला. कलम ९३ मध्ये 'शक्य तितक्या लवकर' ऐवजी '६० दिवसांत' असतं, तर वर सांगितलेला प्रकार घडला नसता. जिथे तारतम्याचा प्रश्न आहे, तिथे आदर्श आचारसंहितेची वाट बरी. १९६० च्या केरळ निवडणुकीत पक्षांच्या सहमतीने तिची सुरुवात झाली. आजही तो स्वतंत्र कायदा नाही. तो तसा करा, अशी मागणी अधूनमधून होते. पण प्रचार काही आठवड्यांचा आणि खटला काही वर्षांचा. निवडणूक आयोगाने दोन दिवसांत दिलेली ताकीद, मग ती कोणत्याही पक्षाच्या नेत्याला सारखीच दिलेली असली, तर पाच वर्षांनी लागलेल्या निकालापेक्षा जास्त कामाची. 'सारखीच' या शब्दावर सगळं उभं आहे.

प्रश्न : घरच्या ग्रुपवर काका आणि माझा चुलतभाऊ राजकारणावरून एकमेकांना देशद्रोही, गुलाम म्हणतात. दिवाळीला आता एकत्र जेवायलाही कोणी तयार नाही. याचा लोकशाहीशी संबंध आहे का? (वाचक, कोथरूड)

उत्तर : थेट आहे. हरल्यावर सत्ता सोडायला माणूस तेव्हाच तयार होतो, जेव्हा जिंकणारा आपल्याला संपवणार नाही याची त्याला खात्री असते. विरोधक म्हणजे शत्रू अशी सवय जेवणाच्या ताटावर लागली, की वरचे नेते तेच चलन वापरतात.

टिळक आणि गोखले याच गावात वर्षानुवर्षं कडाक्याने भांडले. सार्वजनिक सभा, काँग्रेस, सुधारणा, एकही विषय सुटला नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले, तेव्हा टिळक अंत्यसंस्काराला आले आणि तिथे त्यांनी गोखल्यांचा गौरव केला. मतभेद एका इंचानेही कमी झाले नव्हते.

ग्रुपवर करता येईल ते असं : माणसाला विशेषण नको, त्याच्या वाक्याला उत्तर द्या. फॉरवर्ड टाकणाऱ्याने त्याखाली स्वतःचं एक वाक्य लिहायचं, नुसतं ढकलायचं नाही. एवढ्यानेच बरेच फॉरवर्ड बंद होतात. आणि रागवायचं काम आपल्या बाजूच्या माणसाने करायचं. काकांशी तुमची मतं जुळत असतील, तर काकांना "हा शब्द मागे घ्या" असं तुम्हीच म्हणा. चुलतभावाने म्हटलं तर भांडण वाढेल, तुम्ही म्हटलं तर काका थांबतील. संसदेतही असंच आहे. समोरच्यांच्या ओरडण्याने कोणी सुधारत नाही, स्वपक्षातला ज्येष्ठ नापसंतीने बघतो तेव्हा सुधारतो.

प्रश्न : नववीच्या वर्गात हे मुलांना कसं शिकवू? नागरिकशास्त्राच्या धड्यात संकेतांबद्दल दोन ओळी आहेत. (शिक्षिका, हडपसर)

उत्तर : धडा बाजूला ठेवा आणि मॉनिटरची निवडणूक घ्या. दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत अर्ज, प्रत्येक उमेदवाराला दोन मिनिटं, आणि समोरच्या उमेदवाराची एक चांगली गोष्ट सांगूनच भाषण सुरू करायचं. मतदान चिठ्ठीवर, गुप्त. हात वर करून घेऊ नका, नाहीतर मुलं मैत्रीला मत देतात. मोजणीच्या टेबलावर प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी हवा. प्रत्येक चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवायची. बाद चिठ्ठीचा नियम मोजणीआधी फळ्यावर लिहा.

दुसऱ्या तासिकेत निकाल. हरलेल्या मुलाने किंवा मुलीने उभं राहून निकाल मान्य आहे असं म्हणायचं आणि जिंकलेल्याने दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला एक खरं काम द्यायचं. वर्गाच्या निधीचा हिशेब तपासण्याचं काम उत्तम. लोकलेखा समिती त्याच दिवशी समजते. मग वर्गाला विचारा, यांतलं शाळेच्या नियमावलीत काय लिहिलं होतं? काहीच नव्हतं. महिनाभराने नवा मॉनिटर मित्रांची नावं फळ्यावर लिहायचं टाळेल, हे जवळजवळ नक्की. तेव्हा तुम्ही मध्ये पडू नका. हिशेब बघणाऱ्या त्या दुसऱ्या मुलीला सगळ्यांसमोर प्रश्न विचारू द्या, आणि मॉनिटर उत्तर देईपर्यंत वर्ग शांत राहील एवढंच बघा.